लोकरीच्या पैशावर उभं राहिलेलं घर: कॉगेशलच्या थॉमस पेकॉकची गोष्ट

इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात, कोलचेस्टरच्या थोडं अलीकडे, कॉगेशल नावाचं एक लहानसं गाव आहे. तिथल्या वेस्ट स्ट्रीटवर लाकडी चौकटीचं, लांबलचक, दुमजली घर उभं आहे. वरचा मजला खालच्यापेक्षा पुढे आलेला, त्याच्या खालच्या कडेने कोरीव पट्टी, एका टोकाला गाडी आत जाईल एवढा दरवाजा. थॉमस पेकॉक नावाच्या कापड व्यापाऱ्याचं हे घर. रस्त्याकडची बाजू १५०९ च्या सुमाराची मानतात. आठवा हेन्री गादीवर बसला तेच हे वर्ष.

जुन्या इंग्रजी घरांवर लिहिलेलं बरंचसं वाचताना एक अडचण येते. एक तर घराण्यांची वंशावळ तरी हाती लागते, नाहीतर वास्तुकलेतल्या शब्दांची जंत्री. दोन्हीतून हे कळत नाही की एका खेड्यातल्या माणसाकडे एवढं घर बांधायला पैसा आला कुठून आणि तो असा सगळा रस्त्याच्या बाजूलाच का ओतला. पेकॉकच्या बाबतीत ही दोन्ही उत्तरं मिळतात, कारण घर टिकलंय आणि त्याचं मृत्युपत्रही टिकलंय. दोन्ही शेजारी ठेवून वाचायला हवीत.

आधी पैशाचं बघू.

मध्ययुगात इंग्लंडची खरी संपत्ती म्हणजे मेंढ्या. इंग्लंडची लोकर युरोपात नावाजलेली होती आणि ती कच्चीच्या कच्ची समुद्रापार, मुख्यतः आजच्या बेल्जियमच्या बाजूला फ्लँडर्समध्ये जायची. तिथले विणकर तिचं उंची कापड करायचे. इंग्लंडच्या राजांना लढायांसाठी पैसा लागे, म्हणून त्यांनी बाहेर जाणाऱ्या लोकरीवर जबर जकात बसवली. तयार कापडावरची जकात मात्र तुलनेने किरकोळ होती. परिणाम असा झाला की परदेशी विणकराला इंग्लंडची लोकर महाग पडू लागली आणि घरच्या विणकराला स्वस्त. चौदाव्या शतकापासून इंग्लंड हळूहळू लोकर विकणाऱ्या देशाचा कापड विकणारा देश झाला. राजाला पाहिजे होता महसूल. उद्योग वाढला तो जाता जाता.

हा उद्योग शहरांतच राहिला नाही, खेड्यांत पसरला. एक कारण म्हणजे शहरांतल्या कारागीर संघांचे जाचक नियम. दुसरं कारण पाणी. लोकरीचं कापड मागावरून उतरलं की ते सैल, विरविरीत असतं. ते पाण्यात, विशिष्ट मातीबरोबर खूप वेळ कुटावं लागतं. तेव्हा धागे एकमेकांत रुतून कापड आटतं, घट्ट होतं. हे कुटायचं काम पूर्वी पायांनी व्हायचं, पुढे पाणचक्कीवर चालणारे लाकडी हातोडे आले. म्हणजे जिथे वाहती नदी तिथे कापडाचा धंदा. कॉगेशलला ब्लॅकवॉटर नदी आहे. न रंगवलेलं पांढरं लोकरी कापड ही या गावाची खासियत, आणि बाजारात ते गावाच्याच नावाने ओळखलं जायचं.

पेकॉक घराणं मूळचं सफोकमधल्या क्लेअरच्या बाजूचं, खाटिकाच्या धंद्यातलं. मांस विकणाऱ्याकडे जनावरं येतात, मेंढ्यांबरोबर लोकर येते, आणि लोकरीपासून कापडापर्यंतची वाट फार लांब नसते. दोन-तीन पिढ्यांत हे लोक कॉगेशलमधले बडे कापडवाले होऊन बसले. थॉमसचे वडील जॉन १५०५ मध्ये वारले. त्यांच्या मृत्युपत्रात वेस्ट स्ट्रीटवरचं, पाद्रीबाबांच्या घरासमोरचं बांधलेलं घर थॉमसच्या नावे केलं आहे. त्यामुळे पूर्वी असं लिहिलं जायचं की हे घर वडिलांनीच मुलाच्या लग्नासाठी उभारलं. पण दर्शनी भाग १५०९ च्या आसपासचा धरला तर वडील तोवर हयात नव्हते. मला सरळ वाटतो तो अर्थ असा: वडिलांकडून जागा आणि जुनं घर मिळालं, आणि पोराने रस्त्याकडची बाजू नव्याने, जरा जास्तच थाटात बांधली.

थॉमस स्वतः माग चालवत नव्हता. त्याचं काम जुळणी करायचं. तो लोकर विकत घ्यायचा, ती विंचरणाऱ्या-पिंजणाऱ्यांकडे द्यायचा, तिथून ती सूत कातणाऱ्यांच्या घरी जायची, सूत विणकरांकडे, विणलेलं कापड कुटाई करणाऱ्यांकडे, आणि शेवटी कातरवाल्यांकडे. कातरवाला म्हणजे कापडावरचे उभे राहिलेले तंतू भल्यामोठ्या कात्रीने एकसारखे छाटून पृष्ठभाग गुळगुळीत करणारा कारागीर. हे सगळे आपापल्या घरी बसून काम करायचे आणि मजुरी घ्यायचे. माल पहिल्यापासून शेवटपर्यंत व्यापाऱ्याचाच. कारखाना नावाची इमारत नव्हती, पण कारखानदार होता. काही व्यापारी एकाच छपराखाली बरेच माग ठेवू लागले, तेव्हा लहान विणकरांनी ओरड केली आणि १५५५ मध्ये कायदा झाला: शहराबाहेरच्या कापड व्यापाऱ्याने एकापेक्षा जास्त माग ठेवायचे नाहीत, विणकराने दोनपेक्षा जास्त नाहीत. भांडवल आणि मजूर यांचं भांडण यंत्रांच्या कितीतरी आधीपासून चालू होतं, ते असं.

आता मृत्युपत्र. थॉमस पेकॉक १५१८ मध्ये वारला. त्याच्या मृत्युपत्राकडे आयलीन पॉवर या इतिहासकार बाईंनी १९२४ मध्ये अभ्यासकांचं आणि सामान्य वाचकांचं लक्ष वेधलं; राजेरजवाड्यांना सोडून एका कापडवाल्यावर त्यांनी अख्खं प्रकरण लिहिलं. मृत्युपत्रात चर्चला दान आहे, आत्म्यासाठी प्रार्थनांची सोय आहे, कॉगेशल ते ब्लॅकवॉटर या खराब रस्त्याच्या दुरुस्तीला पैसे आहेत. (रस्त्याचं दान वाचून हसू येईल, पण ज्याच्या मालाच्या गाड्या रोज त्या चिखलातून जातात त्याला तो पुण्याचाही हिशोब होता आणि धंद्याचाही.) कधीकाळी त्याच्या हाताखाली उमेदवारी केलेल्या हम्फ्री स्टोनर याला ६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स आहेत. टॉमस गुडडे नावाच्या कातरवाल्याला २० शिलिंग आणि त्याच्या प्रत्येक मुलाला वेगळे.

आणि मग येतात बिननावाचे लोक. ज्यांचा नावाने उल्लेख केलेला नाही अशा आपल्या सगळ्या विणकरांना, कुटाईवाल्यांना आणि कातरवाल्यांना दर माणशी १२ पेन्स. त्यांच्यातल्या ज्यांनी माझं खूपच काम केलंय त्यांना दर माणशी ३ शिलिंग ४ पेन्स. विंचरणारे, पिंजणारे आणि कातणारे यांच्यात वाटायला सगळे मिळून ४ पौंड.

इथे थांबून हिशोब करण्यासारखा आहे. त्या काळी १२ पेन्सचा एक शिलिंग आणि २० शिलिंगांचा एक पौंड. म्हणजे ३ शिलिंग ४ पेन्स हे झाले ४० पेन्स. खास मर्जीतल्या कारागिराला बाकीच्यांच्या तिपटीहून जास्त. व्यापाऱ्याला आपला कोणता विणकर किती राबला हे नीट ठाऊक होतं. ४ पौंड म्हणजे ९६० पेन्स. विणकराइतकेच, म्हणजे १२ पेन्स प्रत्येकी द्यायचे म्हटलं, तर हे पैसे फक्त ८० जणांना पुरतात. आता एक माग भरला ठेवायचा तर सूत कातणाऱ्या अनेक हातांची गरज असायची, आणि हे हात बहुतेक बायकांचे. घरचं सगळं उरकून मधल्या वेळात चाती-चरख्यावर बसणाऱ्या बायका, आसपासच्या खेड्यांत विखुरलेल्या. विणकराला माणशी रक्कम, यांना ढोबळ गंगाजळी. वाटप झालं तेव्हा एकेकीच्या हातात काय पडलं असेल याचा अंदाज बांधता येतो. तरीही त्या काळच्या किती मालकांनी मरताना कातणाऱ्यांची आठवण काढली असेल, हाही प्रश्न आहेच. मला हे मृत्युपत्र उदारही वाटतं आणि निर्दयपणे अचूकही.

असा हा माणूस. आता त्याच्या घरासमोर उभं राहू.

घर लाकडी चौकटीचं आहे, म्हणजे भार भिंती उचलत नाहीत, खांब आणि तुळया उचलतात. पुण्याच्या जुन्या वाड्यात खणाखणांची लाकडी चौकट आधी उभी राहायची आणि मधल्या जागा विटांनी भरायच्या, तसंच तत्त्व. फरक लाकडात आणि ते वापरायच्या पद्धतीत. आपला सुतार सागवान मुरवून, वाळवून घेतो. इंग्रज सुतार ओकचं लाकूड ओलंच वापरायचा, झाड तोडल्यानंतर फार वेळ न दवडता. कारण साधं आहे: वाळलेला ओक इतका टणक होतो की हातहत्यारांनी त्यात खाच पाडायची म्हणजे हाल. ओला ओक सहज कापला जातो. मग तो घरातच, उभ्या जागी, वर्षानुवर्षं वाळत राहतो. वाळताना आटतो, पिळतो, तडकतो. जुन्या इंग्रजी घरांच्या तुळया वाकड्या आणि जमिनी उतरत्या दिसतात, त्याला म्हातारपणापेक्षा हे वाळणं जास्त जबाबदार आहे. त्यातला बराचसा वाकडेपणा पहिल्या काही वर्षांतच आलेला असतो.

सांध्यांत खिळे नाहीत. एका लाकडाला खाच, दुसऱ्याला तिच्यात बसणारी कूस, आणि दोन्हींतून आरपार भोक पाडून त्यात ठोकलेली ओकचीच खुंटी. यातली खरी कारागिरी भोकात आहे. खाचेच्या लाकडातलं भोक आणि कुशीतलं भोक सुतार मुद्दाम एका रेषेत पाडत नाही; कुशीतलं किंचित आतल्या बाजूला ठेवतो. खुंटी ठोकली की ती दोन्ही भोकं एका रेषेत आणायला बघते आणि त्या ओढीने सांधा आवळला जातो. लाकूड वाळून आटलं तरी ही ओढ राहते. गोंद नाही, लोखंड नाही, आणि पाचशे वर्षं झाली.

अशी चौकट जागेवर बांधत नसत. सुताराच्या आवारात जमिनीवर आडवी मांडून एकेक बाजू पूर्ण जुळवायची, प्रत्येक सांध्याला खूण करायची, सगळं सुटं करायचं, गाडीतून न्यायचं आणि जागेवर परत जोडायचं. या खुणा अजून अनेक जुन्या घरांत तुळयांवर दिसतात आणि त्या रोमन आकड्यांसारख्या असतात. यामागे विद्वत्ता काही नाही. पटाशीच्या सरळ धारेने सरळ रेघाच मारता येतात. एक, दोन, तीन रेघा, एक फुली, एक तिरपी. ज्याला वाचता येत नाही अशा मजुरालाही तीन रेघांचा खांब तीन रेघांच्या तुळईला लावायचा हे कळतं.

ओलं लाकूड वापरण्याचा एक फायदा सुतारांच्या ध्यानीमनी नव्हता, तो झाला इतिहासकारांना. झाड दर वर्षी एक वर्तुळ वाढवतं. पाऊसपाणी चांगलं झालं की रुंद, नाही झालं की अरुंद. एका प्रदेशातल्या ओकांत अशा रुंद-अरुंद वर्तुळांचा क्रम सारखाच असतो. शतकानुशतकांचे हे क्रम एकापुढे एक जोडून तयार केलेली मोजपट्टी आता उपलब्ध आहे. तुळईला सालीलगतचं शेवटचं वर्तुळ शिल्लक असेल तर झाड कुठल्या वर्षी तोडलं हे सांगता येतं. आणि लाकूड ओलंच वापरलेलं असल्यामुळे तोडणीचं वर्ष म्हणजे जवळजवळ बांधणीचंच वर्ष. मुरवलेल्या लाकडाबद्दल असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

पेकॉकच्या घराच्या दर्शनी भागात उभे खांब अगदी दाटीने लावले आहेत. दोन खांबांमधली जागा जेमतेम खांबाच्या रुंदीच्या आसपास. घर उभं राहायला एवढ्या खांबांची काहीच गरज नाही. याच्या अर्ध्या लाकडातही ते तितकंच भक्कम झालं असतं. मधल्या मोकळ्या जागा एरवी ज्या पद्धतीने भरत ती कोकणातल्या कुणालाही ओळखीची वाटेल: काठ्या-फोकांचं विणकाम करून त्यावर माती, शेण आणि गवताचा गिलावा. कुडाची भिंत, दुसरं काय. कुड स्वस्त, ओक महाग. म्हणून कुडाची जागा जितकी कमी आणि ओकचे खांब जितके जास्त, तितकी मालकाची ऐपत मोठी. रस्त्यावरून जाणाऱ्याला हे न सांगता कळायचं.

वरचा मजला पुढे काढण्याचंही तसंच. याचं नेहमीचं स्पष्टीकरण असं दिलं जातं की शहरात जागा कमी, कर जमिनीवर, म्हणून वर जागा वाढवायची. पण हे पुढे आलेले मजले जिथे जागेची कमतरता नव्हती अशा गावांतही सर्रास दिसतात. बांधकामाच्या दृष्टीने त्यात एक शहाणपण आहे. खालच्या खोलीवरच्या सरांची टोकं भिंतीबाहेर काढून त्यावर वरच्या भिंतीचं वजन ठेवलं की सरांचा मधला भाग खाली झुकायला कमी बघतो. शिवाय खालचे-वरचे खांब वेगवेगळे असल्यामुळे दोन मजले उंचीचे सलग वासे शोधावे लागत नाहीत. पण माझं मत विचाराल तर हे सगळं खरं असूनही मुख्य कारण दिसणं हेच असावं. पुढे आलेल्या मजल्याच्या खालच्या कडेला एक लांब तुळई उघडी पडते, आणि कोरीवकामासाठी तिच्याहून मोक्याची जागा नाही.

थॉमसने ती सोडली नाही. घराच्या लांबीभर गेलेल्या त्या पट्टीवर वेलबुट्टी आहे, पानं आहेत, मधूनमधून चेहरे आहेत, आणि त्यांच्यातच त्याच्या नावाची आद्याक्षरं व व्यापारी खूण. ही खूण जवळून बघितली तर दोन देठांच्या तीनपानी गवतासारखी दिसते. ती एर्मिन नावाच्या, मुंगसासारख्या दिसणाऱ्या आणि हिवाळ्यात पांढऱ्या होणाऱ्या लहान प्राण्याच्या शेपटीची आकृती मानतात. व्यापारी खूण ही त्या काळची फार कामाची वस्तू होती. कापडाच्या गठ्ठ्यांवर ती मारायची, म्हणजे बंदरातल्या निरक्षर हमालालाही माल कुणाचा ते कळे, आणि जहाज फुटून गठ्ठे किनाऱ्याला लागले तर मालकी सांगता येई. सरदार-उमरावांना ढालीवरची कुलचिन्हं मिरवायचा हक्क होता. व्यापाऱ्यांना तो सहसा नसे. मग त्यांनी गठ्ठ्यावरची खूणच दारावर, छतावर आणि थडग्यावर चढवली. घराच्या आत दिवाणखान्याच्या छतावरच्या कोरीव तुळयांतही ही खूण आहे, आणि शेजारी थॉमस व त्याची पहिली बायको मार्गारेट हॉरोल्ड यांची आद्याक्षरं. ज्या खुणेने माल विकायचा त्याच खुणेखाली बसून जेवायचं, यात त्याला काही कमीपणा वाटत नसणार. उलट.

टोकाचा मोठा दरवाजा गाड्यांसाठी आणि ओझ्याच्या घोड्यांसाठी. त्यातून लोकर मागच्या अंगणात जायची. दोन्ही बाजूंच्या खांबांवर माणसांच्या आकृत्या कोरल्या आहेत. दाराच्या फळ्यांवरचं कोरीवकाम उभ्या चुण्या घातलेल्या कापडासारखं दिसतं. हा नक्षीचा प्रकार त्या काळी इंग्लंडभर लोकप्रिय होता, राजवाड्यांतही आणि चर्चमध्येही, तेव्हा तो कापड व्यापाऱ्याचा खास विनोद समजायचं कारण नाही. पण त्याच्या दारावर तो शोभतो हे मान्य करावं लागेल.

वरच्या मजल्याला ओळीने पाच खिडक्या आहेत, भिंतीतून पुढे आलेल्या. काच तेव्हा इतकी महाग की अनेक घरांत खिडकीला काच नसायचीच. तेल लावलेलं कापड किंवा नुसती लाकडी झडप. सोळाव्या शतकातल्या मृत्युपत्रांत खिडकीच्या काचा पलंग-पेट्यांसारख्या वेगळ्या वारसाला दिलेल्या आढळतात, कारण त्या घराचा भाग न मानता काढून नेण्याजोगी वस्तू मानल्या जात. तेव्हा पाच पुढे आलेल्या खिडक्यांचा अर्थ रस्त्यावरच्या माणसाला चांगलाच कळत होता.

हे घर रस्त्याला समांतर, आडवं पसरलेलं आहे, ही गोष्ट सहज नजरेतून सुटते. तिचं महत्त्व कळायला दोनशे वर्षं मागचं दुसरं व्यापारी घर बघावं. दक्षिणेकडच्या साउदॅम्प्टन बंदरात, फ्रेंच स्ट्रीटवर, १२९० च्या सुमारास जॉन फोर्टिन नावाच्या व्यापाऱ्याने बांधलेलं घर अजून उभं आहे. बाजूच्या भिंती दगडी, दर्शनी भाग लाकडी. ते रस्त्याकडे अरुंद तोंड करून आत लांब शिरतं. खाली दगडी कमानीचं तळघर, त्यात फ्रान्सच्या बोर्दोकडून आलेल्या दारूची पिंपं. तळघर थंड राहतं, दारूला तेच हवं. रस्त्याला लागून दुकान, त्यामागे छपरापर्यंत उघडा उंच दिवाणखाना, सर्वांत मागे खासगी खोली, आणि वर पुढची-मागची निजायची खोली, दिवाणखान्यावरून गेलेल्या सज्जाने जोडलेली. बंदरातल्या गजबजलेल्या रस्त्यावर प्रत्येक फूट तोंडाला मोल होतं, म्हणून सगळे अरुंद आणि खोल. १९४० च्या बॉम्बवर्षावात आसपासचं बरंच पडलं, आणि दारूचा गुत्ता वगैरे होऊन गेलेल्या या घराचा मध्ययुगीन सांगाडा उघडा झाला. १९८० च्या दशकात ते मूळ रूपात आणलं गेलं.

दोन्ही शेजारी ठेवली की दोनशे वर्षांत काय बदललं ते कळतं. फोर्टिनचा दिवाणखाना छपरापर्यंत उघडा, कारण तेव्हाची रीतच ती. अशा दिवाणखान्यांत बहुधा मधोमध जमिनीवर शेकोटी पेटायची आणि धूर छपरातून वाट काढायचा. वर मजला घालणं शक्यच नव्हतं. पेकॉकच्या काळापर्यंत विटांची धुराडी ऐपतदारांच्या आवाक्यात आली. धूर नळीतून जाऊ लागला, तेव्हा दिवाणखान्यावर छत घालता आलं, वर आणखी खोल्या मिळाल्या, आणि छताच्या तुळया काजळीने काळ्या होणार नाहीत म्हणून त्यांवर कोरीवकाम करण्यात अर्थ उरला. म्हणजे ती सुंदर कोरीव तुळई ही मुळात धुराड्याची कृपा.

पेकॉक घराण्याचं पुढे फार चाललं नाही. १५८४ मध्ये त्यांच्यातला शेवटचा पुरुष वारला, तेव्हा चर्चच्या नोंदवहीत लिहिणाऱ्याने हा या गावातला या नावाचा शेवटचा, अशी नोंद केली. घर बक्स्टन घराण्याकडे गेलं, तेही कापडवालेच. एव्हाना धंद्याचं रूप बदलत होतं. फ्लँडर्सकडून धर्मछळामुळे पळून आलेले विणकर कोलचेस्टरच्या बाजूला स्थिरावले आणि त्यांनी हलक्या लोकरी कापडाचे नवे प्रकार आणले. जाड जुन्या कापडाची चलती ओसरली.

याच जाड इंग्रजी कापडाशी आपल्या किनाऱ्याचाही संबंध आला. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीने सुरत, राजापूर इथल्या वखारींतून इंग्लंडची बनात खपवायचा पुष्कळ प्रयत्न केला. दरबारी पोशाख, घोड्यांच्या झुली, तंबू यांपुरती ती गेली, पण कोकणच्या दमट हवेत लोकरीचा अंगरखा घालणार कोण? कंपनीला मिरी आणि सुती कापड घ्यायला रोख चांदीच मोजावी लागली, आणि देशातली चांदी बाहेर जाते म्हणून लंडनमध्ये तिच्यावर टीकेची झोड उठली.

१७४६ मध्ये चार्ल्स बक्स्टनने घर विकलं. त्यानंतरचा काळ वाईट. कोरीव छतांवर गिलावा चढला, घराचे तुकडे होऊन त्यात वेगवेगळी बिऱ्हाडं राहू लागली, आणि एकोणिसाव्या शतकात ते पाडायच्या गोष्टी निघाल्या. आपल्याकडच्या वाड्यांचं जे होतं तेच. इथे मात्र कलाटणी मिळाली. विकणाऱ्या चार्ल्सच्याच वंशातला नोएल बक्स्टन याने १९०४ मध्ये ते परत विकत घेतलं. इंग्लंडच्या संसदेत गुलामगिरीविरुद्धची लढाई शेवटास नेणारे थॉमस फॉवेल बक्स्टन हे त्याचे पणजोबा. त्याने काही वर्षं खर्चून दुरुस्ती करून घेतली आणि १९२४ मध्ये घर जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला देऊन टाकलं. त्याच वर्षी तो रॅम्से मॅक्डोनल्डच्या मंत्रिमंडळात शेतीमंत्री झाला.

या दुरुस्तीमुळे घर वाचलं, पण आज जे दिसतं ते सगळंच १५०९ चं नाही. विशेषतः तळमजल्याच्या दर्शनी बाजूत विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं काम बरंच आहे, जुन्याला जुळेल असं केलेलं. हे त्या काळच्या सगळ्याच दुरुस्त्यांचं दुखणं. ट्यूडर, म्हणजे आठव्या हेन्रीच्या घराण्याच्या काळातलं, घर कसं दिसायला हवं याची एक पक्की कल्पना लोकांच्या डोक्यात बसलेली होती आणि घरं त्या कल्पनेप्रमाणे घडवली गेली. काळंभोर लाकूड आणि पांढरीशुभ्र भिंत ही जोडी त्यातलीच. पूर्व इंग्लंडमध्ये तरी ओक बहुधा तसाच सोडला जायचा, तो उन्हापावसात रुपेरी करडा होई. नाहीतर लाकूड-भिंत सगळ्यावरून चुन्याचा हात फिरायचा. लाकडाला डांबरासारखा काळा रंग द्यायची टूम बहुतांशी व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. पेकॉकच्या घराला तो रंग नाही हे बरं झालं.

कॉगेशलला जायचा योग आला तर गाडीच्या दरवाज्याखाली उभं राहून वर बघावं; खांब, सर आणि कोरीव पट्टी कुठे कशी भेटतात ते तिथे सगळ्यात स्पष्ट कळतं. आणि मग थोडं चालत जाऊन मठाचं जुनं धान्याचं कोठार बघावं. राजा स्टीफनने बाराव्या शतकात स्थापन केलेल्या, सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या मठाचं ते कोठार तेराव्या शतकातलं आहे, म्हणजे पेकॉकच्या घराहून अडीचेकशे वर्षांनी मोठं. तेही आता नॅशनल ट्रस्टकडेच आहे. मठ १५३८ मध्ये आठव्या हेन्रीने बंद केला, कोठार उरलं. ओक तोच, सांधे त्याच जातीचे, पण नक्षीचा एक ओरखडा नाही. धान्याला कुणावर छाप पाडायची नव्हती.